नवीन सुपरवायझर झालात? लाइनवरची वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते ते आधी बघा

मी सहा वर्षं ब्लिस्टर पॅकिंगला, म्हणजे गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करायच्या कामाला, ऑपरेटर होते, मग सुपरवायझर केलं, त्याला आता आठ वर्षं होतील. गोव्यात वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटीत गोळ्या-औषधांचा कारखाना, डिचोलीहून कंपनीची बस पहाटे अंधारात निघते, आणि त्या बसमधेच माझ्या शेजारी बसून कितीतरी जणांनी विचारलंय की ताई, सोमवारपासून मला सुपरवायझर करतायत, काय करू सांग ना. दरवेळी कुठ्ठाळी येईपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगते आणि निम्मं राहून जातं. म्हणून आज सगळं लिहून काढतेय. पॅकिंगमधलं लिहितेय कारण मला तेच येतं, पण हॉटेलात हाउसकीपिंगला असाल, बेकरीत असाल किंवा कुंडईला फॅब्रिकेशनमधे असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

चांगला सुपरवायझर कसा ओळखायचा यावर माझं एकच माप आहे. लाइनवर काही बिघडलं तर ते तुम्हाला किती मिनिटांत कळतं? समजा मशीन मिनिटाला २०० ब्लिस्टर काढतंय आणि छपाईत काहीतरी चुकलंय, ऑपरेटरने दोन मिनिटांत सांगितलं तर ४०० ब्लिस्टर बाजूला काढायचे, चाळीस मिनिटांनी सांगितलं तर ८०००, आणि सांगितलंच नाही तर ते औषध कुणाच्यातरी घरी जाणार. मशीन तेच, माणूस तोच, फरक फक्त त्याला तुमच्याकडे यायची भीती वाटली की नाही एवढाच. खाली जे जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

हे मी कुठे शिकले ते सांगते. पहिल्याच वर्षी एका मुलाकडून फॉइलचा रोल चुकीचा लावला गेला, छोटीशी चूक होती, लगेच सापडलीसुद्धा, पण मी त्याला सगळ्यांसमोर ओरडले, वरून मॅनेजरचा फोन येऊन गेला होता आणि तो राग मी त्याच्यावर काढला. आठवड्याभराने त्याच लाइनवर एक्सपायरीचा महिना चुकीचा छापला जात होता. त्याच्या शेजारच्या मुलीला ते दिसलं होतं. ती बोलली नाही. तिने नंतर मला सांगितलं, ताई मला वाटलं तुम्ही मला पण तसंच बोलणार, म्हणून मी म्हटलं कोणीतरी दुसरा बघेल. पाऊण तासाचा माल होता तो, पूर्ण रात्र बसून आम्ही सगळ्यांनी कार्टन उघडले, मोजले, परत भरले. डिव्हिएशन रिपोर्टमधे, म्हणजे काय चुकलं आणि का ते लिहायच्या कागदात, कारण लिहिलं ऑपरेटरची चूक. माझ्या मते ते कारण अर्धंच होतं, कारण त्या मुलीचं तोंड आठवडाभर आधी मी बंद केलं होतं.

पहिला आठवडा

सर्वात अवघड गोष्ट म्हणजे कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच आज काम सांगायचं. काही जण एकदम वेगळ्या टेबलावर बसायला लागतात, आवाज बदलतात, हे नका करू, लोकांना लगेच कळतं आणि दुखतं. आणि काही जण उलट करतात, काही बदललंच नाही असं दाखवतात, मैत्रिणीचा उशीर झाकतात, मग बाकीचे बघतात आणि मनात हिशोब ठेवतात. मी काय केलं तर पहिल्याच दिवशी जवळच्या दोघींना कॅन्टीनच्या बाहेर नेऊन सांगितलं, बघा, जेवायला मी तुमच्याबरोबरच बसणार, पण हजेरी आणि ड्युटी लावताना तुम्हाला आणि बाकीच्यांना एकच नियम, राग आला तर मला येऊन बोला. एक जण महिनाभर नीट बोलत नव्हती. मग आली. ऑपरेटरांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप असतो, ज्यात सुपरवायझरबद्दल पण बोललं जातं, त्यातून मात्र स्वतःहून बाहेर पडा, त्यांना त्यांची जागा हवी.

मग वयाने मोठी माणसं. आमच्याकडे एक मावशी होत्या, वीस वर्षं त्याच लाइनवर, आणि त्यांना वाटणं साहजिकच की ही काल आलेली पोर मला काय शिकवणार. त्यांना मावशीच म्हणायचं, अहो-जाहो करायचं, यात तुमचं काही कमी होत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ उभं राहून एवढंच विचारा की हे मशीन बंद पडायच्या आधी काय करतं. त्या मावशींनी मला सांगितलं होतं की सीलिंग बिघडायच्या आधी फॉइलचा आवाज बदलतो, थोडा करकर येतो. मेन्टेनन्सच्या कुठल्याच चेकलिस्टमधे हे नव्हतं.

आणि हात आखडायला शिका. हे माझ्यासारख्यांना फार जड जातं, कारण आपल्याला सुपरवायझर केलेलं असतं आपण चांगले ऑपरेटर होतो म्हणून, त्यामुळे कोणी हळू काम करताना दिसला की आपण त्याला बाजूला करून स्वतःच करायला बसतो. त्या दहा मिनिटांत बाकीच्या तीन लाइनवर काय चाललंय ते कोणीच बघत नसतं. आणि ज्याच्या हातातून काम काढून घेतलं त्याला सगळ्यांसमोर काय वाटलं असेल तेही बघा.

शिकवायचं कसं

आमच्या एका शिफ्टमधे कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड आणि ओडिया बोलणारी माणसं असतात, बांदा-सावंतवाडीहून रोज ये-जा करणारे वेगळेच, आणि एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेले कागद, सगळ्या इंग्रजीत. ट्रेनिंगला सगळ्यांना बसवून एसओपी वाचून दाखवली, सह्या घेतल्या, झालं, असं खूप ठिकाणी चालतं. याने कोणी शिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून सरकारी कार्यक्रम होता, कारण अनुभवी माणसं सैन्यात गेली आणि कारखाने अगदी नवख्या माणसांनी भरले, त्यांना भराभर शिकवायचं होतं. त्यात सुपरवायझरांना शिकवायची जी पद्धत दिली ती चार पायऱ्यांची: आधी माणसाला तयार करा, म्हणजे त्याची भीती घालवा आणि त्याला आधी किती येतं ते विचारा, मग काम करून दाखवा आणि एकेक पायरी बोलत बोलत समजवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि मग त्याला एकटं सोडा पण अधूनमधून येऊन बघत रहा. युद्धानंतर हीच पद्धत जपानमधल्या कारखान्यांत गेली आणि तिथे चांगली रुजली. मी दोन्ही पद्धतींनी शिकवलंय आणि फरक डोळ्यांनी बघितलाय.

यातली तिसरी पायरी आपल्याकडे नेहमी वगळली जाते. आपण विचारतो समजलं का, समोरचा मान हलवतो, आपण पुढे जातो. समजलं का या प्रश्नाला नाही म्हणायची हिंमत नवीन माणसात नसते, त्यात भाषा दुसरी असली तर अजूनच नाही. त्यापेक्षा म्हणा, आता तू मला शिकव, मी नवीन आहे असं समज. तुटक्या हिंदीत सांगू दे, कन्नडमधे सांगू दे आणि शेजारची अक्का तुम्हाला अर्थ सांगेल, पण त्याच्या तोंडून आणि त्याच्या हातून ते काम एकदा होऊ दे. आणि हे असंच का करायचं तेही त्याला सांगता आलं पाहिजे. लाइन क्लिअरन्सला, म्हणजे नवीन बॅच लावायच्या आधी लाइनवर जुनं काही राहिलं नाही ना ते तपासताना, कन्व्हेयरच्या खाली वाकून का बघायचं? कारण आधीच्या बॅचची एक स्ट्रिप जरी तिथे अडकून राहिली आणि पुढच्या कार्टनमधे गेली तर पेशंटच्या हातात वेगळंच औषध पडेल. एकदा हे समजलं की माणूस कोणी न सांगता वाकतो.

लाइन क्लिअरन्सवरून आठवलं, खुर्चीत बसून सही करू नका. कधीच नाही. जुन्या बॅचचे कार्टन, लीफलेट, कचऱ्याच्या डब्याचा तळ, मशीनचे कोपरे स्वतः बघा, स्टोअरमधून किती कार्टन आले, किती वापरले, किती रिजेक्ट झाले, किती परत गेले याचा हिशोब जुळतोय का बघा, मग सही. घाई असली तरी. तुम्ही न बघता सही करता हे लोकांना एका दिवसात कळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही न बघता टिक मारायला लागतात. आणि रेकॉर्ड त्याच वेळी भरायचा, शिफ्ट संपताना आठवून आठवून नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं, सही-तारीख टाकायची. खाडाखोड, व्हाइटनर अजिबात नाही. कोणी प्रामाणिकपणे चूक लिहिली असेल तर त्याला वाईट बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सुंदर खोटा रेकॉर्ड भरेल.

चूक झाल्यावर काय बोलायचं

कोणी येऊन म्हणाला ताई गडबड झाली, तर तुमच्या तोंडातून निघणारा पहिला शब्द फार महत्त्वाचा, बाकी सगळी शिफ्ट तिकडे कान लावून असते. मी आता ठरवूनच टाकलंय, पहिलं वाक्य 'बरं झालं लगेच सांगितलंस', दुसरं 'मशीन बंद केलंस ना', तिसरं 'चल बघूया'. राग आला तरी हेच. कोणी केलं, का केलं हे माल वेगळा करून झाल्यावर.

मग त्या माणसाशी बोलायचं ते त्याच दिवशी, बाजूला घेऊन, आणि कामाबद्दल. 'तू नेहमीच असा निष्काळजी' यातून त्याला काही करता येत नाही. 'सकाळी साडेनऊला रोल बदलल्यावर पहिलं कार्टन तपासलं नाहीस, काय झालं होतं?' असं विचारलं की उत्तर मिळतं, आणि कधीकधी ते उत्तर असं असतं की आपणच गप्प होतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, घरी बाळ आजारी आहे रात्रभर झोप नाही, किंवा मीच दोन कामं एकदम सांगितली होती. तीच चूक तीनदा झाली तर मात्र लेखी द्यायला कचरू नका, कारण बाकीचे जे नीट काम करतायत त्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. आणि जे पाठीमागे बोलाल ते तोंडावरही बोलता आलं पाहिजे, पॅकिंगमधलं बोलणं कॅन्टीनला पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत.

शाबासकी सगळ्यांसमोर द्या, पण नेमकी. 'छान काम' असं मोघम नको. 'काल फॉइलची सुरकुती हिने पकडली म्हणून पूर्ण बॅच वाचली' असं नाव घेऊन.

शिफ्ट देणं-घेणं

ह्याला मी खूप वेळ देते आणि सगळ्यांनी द्यावा असं मला मनापासून वाटतं. दुपारी दोनला पहिली शिफ्ट सुटते, बस खाली हॉर्न वाजवत असते, पावसाळ्यात तर सगळ्यांना घरी पोचायची घाई, आणि हँडओव्हर दोन वाक्यांत उरकला जातो, 'सगळं ठीक आहे, बॅच चालू आहे'. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता, काम अर्धवट राहिलं होतं, तिथे नुसती झाकणासारखी प्लेट लावलेली होती, आणि ही माहिती रात्रपाळीला नीट पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला, गॅस गळला. मी नवीन सुपरवायझरला हे सांगते तेव्हा तो म्हणतो आपल्याकडे कुठे तेल आणि गॅस. पण अर्धवट दुरुस्त मशीन तर आपल्याकडेही असतं ना. मशीनवरचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण, काढलेला असतो, मेन्टेनन्सवाला स्पेअर आणायला गेलेला असतो, आणि नवीन शिफ्टचा मुलगा येऊन बटण दाबतो.

म्हणून हँडओव्हर मशीनपाशी उभं राहून करायचा, ऑफिसात नाही. वहीत लिहायचं आणि तोंडानेही सांगायचं: काय अर्धवट आहे, कुठल्या मशीनला हात लावायचा नाही, कोण नवीन आहे, कोणाची तब्येत बरी नाही, कुठला माल होल्डवर ठेवलाय आणि का. समोरच्याने ते परत बोलून दाखवायचं. दुरुस्ती चालू असेल तर मेन स्विच बंद, त्याला कुलूप, त्यावर टॅग, आणि चावी ज्याचा हात मशीनमधे आहे त्याच्या खिशात. सात-आठ मिनिटं लागतात. आमच्या बस ड्रायव्हरला मी समजावून सांगितलं, तो आता तेवढं थांबतो.

थोडक्यात वाचलेले प्रसंगही लिहा, म्हणजे घसरला पण पडला नाही, हात जवळ गेला पण लागला नाही असे. जूनपासून पाऊस सुरू झाला की आमच्या दारापाशी रेनकोटचं पाणी गळून फरशी ओली होते, दोघी घसरता घसरता वाचल्या, त्यांनी सांगितलं म्हणून रेनकोट टांगायची जागा बाहेर केली. खर्च चार खुंट्यांचा.

सुट्ट्या

गोव्यात सुपरवायझरची खरी परीक्षा चवथीला होते. सगळ्यांना मूळ घरी जायचं असतं, कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची सजावट) बांधायला आदल्या दिवशीच पोचायला हवं, आणि तिकडे डिस्पॅचची तारीख उभी. मग पाया पडणं, रुसणं, आणि शेवटी आजारी असल्याचा फोन. यावर उपाय ऑगस्टमधे सापडत नाही, जानेवारीत करावा लागतो. मी वर्षाच्या सुरुवातीला मोठा कागद लावते आणि प्रत्येकाला विचारते की वर्षातले कुठले दोन दिवस तुला काही झालं तरी हवेतच. नुसतं आपल्याला माहीत असलेल्या सणांवर जाऊ नका. कोणाला नाताळ, कोणाला गावच्या चर्चचं फेस्त, ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याचं फेस्त, शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, असतील तर त्यांचे व्रताचे दिवस असतात, सोवळं-उपास असतो, त्या दिवसांत त्यांच्या जेवणाची नीट सोय बघावी लागते. कन्नड मुलींना सौंदत्तीची यल्लम्मा, बिहारच्या मुलांना छठ, ओडिशाच्या मुलींना जूनमधला रज सण, आणि ज्यांचं गाव लांब त्यांना दोन दिवस पुरत नाहीत, प्रवासच तेवढा असतो, त्यांना एकदम मोठी सुट्टी आणि मग वर्षभर कमी, असं बसवायचं.

मग अदलाबदल. आमच्याकडे चवथीला कॅथलिक मुलं-मुली लाइन सांभाळतात आणि नाताळला आम्ही. हे मी ठरवलं नाही, त्यांनीच आपसात ठरवलं, मी फक्त कागद भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लावला. कोणाला मिळाली, कोणाला नाही, मागच्या वर्षी कोणाला मिळाली होती, सगळं उघड. ज्याला नाही मिळाली त्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, यादीत बघून कळू देऊ नका.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या

ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधेही होतं आणि नवीन लेबर कोडमधेही आहे. कंत्राटदाराच्या माणसालाही. त्याचे तास लिहायचं काम तुमच्याकडे असेल तर अर्धा ताससुद्धा खाऊ नका. हेल्मेट, ग्लोव्हज, बूट देताना कंपनीचा-कंत्राटाचा असा फरक करू नका, आणि त्याला नावाने हाक मारा.

कुठल्या बाईने येऊन सांगितलं की अमुक माणूस त्रास देतो, अंगलट येतो, तर ते आपसात मिटवायला जाऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी त्यासाठी कमिटी असायलाच हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते, लिहायला तिला मदत लागली तर करा. आणि तिने सांगितलेलं चहाच्या टपरीवर बोलू नका.

स्वतःचंही बघा. सुपरवायझरचं काम करणाऱ्याचा पगार महिन्याला १८,००० च्या वर असेल तर नवीन औद्योगिक संबंध संहितेत तो कामगार धरला जात नाही, जुन्या कायद्यात हा आकडा १०,००० होता. नुसत्या पदाच्या नावावर हे ठरत नाही, प्रत्यक्षात तुम्ही काय काम करता ते बघतात. तर प्रमोशनचं पत्र घेताना ओव्हरटाइम मिळणार का, ड्युटीचे तास किती, हे लेखी विचारा. मी विचारलं नव्हतं आणि पहिली दोन वर्षं त्याचा त्रास झाला.

वरच्यांशी

मॅनेजर म्हणेल आज काहीही करून अमुक लाख गोळ्या पॅक झाल्या पाहिजेत. हो म्हणून खाली येऊन लोकांवर ओरडणं सगळ्यात सोपं. मी कागद घेऊन जाते, दोन माणसं कमी आहेत, लाइन तीनचा सेन्सर दुपारपर्यंत होणार नाही, एवढं होईल, याच्यापुढचं पाहिजे असेल तर उद्याची बॅच मागे घ्यावी लागेल, तुम्ही सांगा कुठलं आधी. बहुतेक वेळा ऐकतात. वाईट बातमी खालून तुमच्यापर्यंत लवकर यावी असं वाटत असेल तर तुम्हीही ती वर लवकर द्या, पाच वाजता कळणारं अकरालाच सांगा. खाली मात्र 'वरून सांगितलंय' म्हणून हात झटकू नका, जो निर्णय तुम्ही सांगताय तो तुमचाच म्हणून सांगा आणि कारण द्या.

शेवटी आपल्या जागी कोणीतरी तयार करा. दोघं तरी. आधी त्यांना हँडओव्हर घ्यायला लावा, मग लाइन क्लिअरन्स तुमच्यासोबत करू दे, मग एक दिवस तुम्ही मुद्दाम रजा घ्या आणि फोन किती येतात ते मोजा. गेल्या चवथीला मी तीन दिवस गावी होते, फोन एकच आला, रात्री नऊला, तीच मुलगी जी पूर्वी एक्सपायरीच्या वेळी गप्प राहिली होती आणि आता माझ्या जागी उभी होती. म्हणाली, ताई, लाइन दोनवर बॅच नंबर अस्पष्ट येतोय, मशीन थांबवलंय, पंधरा मिनिटांचा माल होल्डवर टाकलाय, क्यूएला (क्वालिटीवाल्यांना) कळवलंय, तुम्हाला नुसतं सांगायला केला. मी म्हटलं बरं झालं लगेच सांगितलंस, आणि परत आरतीला गेले.